खापर उचलायचाही परवाना

लंडनमध्ये थेम्सच्या चिखलातलं फुटकं खापर उचलायलाही परवाना लागतो! रविवारी टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाजवळ ओहोटी लागलेली बघून आम्ही खाली उतरलो. लेक वाकून काहीतरी शोधायला लागली, तोच गमबूट घातलेल्या एका आजी आल्या आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "परवाना काढलाय ना?"

घरी येऊन नियम वाचले. उकरणं सोडाच, काही सापडतंय का बघत हिंडायलासुद्धा परवाना हवा. साधा परवाना असेल तर साडेसात सेंटिमीटर उकरायचं, त्याखाली नाही. तीनशे वर्षांहून जुनं, महत्त्वाचं काही मिळालं तर पुराणवस्तूंची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याला नेऊन दाखवायचं. हौशी मंडळी इतकी वाढली, की 2022 च्या नोव्हेंबरात नवे परवानेच थांबवले. नंतर प्रतीक्षायादी दहा हजारांपुढे गेली. चिखलासाठी रांग! व्हिसाच्या रांगेत उभं राहून इथे आलेल्या माझ्यासारखीला खरं तर याचं नवल वाटायला नको.

पण मला राहून राहून सेसिलिया विकुन्या ही कलाकार आठवत होती. त्याच 2022 च्या ऑक्टोबरात टेटच्या टर्बाइन हॉलमध्ये तिचं 'ब्रेन फॉरेस्ट किपू' हे मांडणशिल्प लागलं होतं. छतापासून 27 मीटर लोंबणारे पांढुरके धागे, न कातलेली लोकर, दोर, पुठ्ठे, सालीसारखं काहीबाही. वाळून मेलेलं जंगल उभं टांगल्यासारखं. आणि त्यात अडकवलेल्या काही वस्तू थेम्सच्या काठावरूनच वेचलेल्या. वेचणाऱ्या होत्या लंडनमध्ये राहणाऱ्या लॅटिन अमेरिकन बायका. म्हणजे आत नदीकाठच्या वस्तूंचं प्रदर्शन, आणि ते चालू असतानाच बाहेर नव्या वेचणाऱ्यांना मनाई. (त्या बायकांनी रीतसर परवानगी घेतली असणारच. टेट आहे ते.)

किपू म्हणजे अँडीजमधल्या लोकांची दोऱ्यांना गाठी मारून नोंदी ठेवायची पद्धत. 1583 मध्ये पेरूतल्या लिमाच्या धर्मपरिषदेनं हे किपू नष्ट करायला सांगितले. विकुन्या मूळची चिलेची, जन्म सांतियागोचा, 1948 चा. शिकायला लंडनला आली आणि 1973 मध्ये तिकडे लष्करानं सत्ता घेतली, तशी इथेच अडकली. पुढे बोगोटा, मग न्यूयॉर्क. पण तिचं मला सगळ्यात भावलेलं काम फार जुनं आहे. 1966 मध्ये चिलेतल्या कोंकोनच्या किनाऱ्यावर, आकोंकाग्वा नदी समुद्राला मिळते तिथे, तिनं काटक्या, पिसं, कचरा उभा करून चिमुकल्या रचना केल्या आणि भरतीला देऊन टाकल्या. हरतालिकेच्या वाळूच्या पिंडीचं आपण दुसरं काय करतो? आईला फोटो दाखवला तर ती म्हणाली, "यात काय एवढं?" तिचंही बरोबरच आहे.

थेम्सचं मात्र कौतुक करावंच लागतं. 1957 मध्ये नॅचरल हिस्टरी म्युझियमनं ही नदी मेल्यात जमा केली होती. आज तिच्यात सील दिसतात. तरी जोराचा पाऊस झाला की मैलापाणी नदीत सुटायचंच, म्हणून 25 किलोमीटरचा बोगदा खणला, तो पुरता सुरू व्हायला 2025 उजाडलं. हे मुद्दाम लिहितेय, कारण मुळा-मुठेवरून टोमणे मारणारे इथले आपलेच लोक असतात आणि सुट्टीत पुण्याला गेले की नदीवरून जाताना रिक्षात नाकाला रुमाल लावतात. मीही लावते. लहानपणापासून पुलावरून जाण्यापलीकडे आमचा नदीशी संबंध आला नाही, त्याला मी एकटी काय करणार होते?

शिवाय वेचणं आपल्याला कुणी शिकवायला नको. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना पुण्यात 1993 पासून आहे. त्या बायका ओळखपत्रासाठी भांडल्या आणि ते मिळवलं. इथे परवाना हौसेसाठी लागतो, तिथे ओळखपत्र पोटासाठी लागत होतं, आणि टर्बाइन हॉलमध्ये मान वर करून उभे असलेले आम्ही भारतीय आमच्या गल्लीतल्या कचरावेचक मावशींना नावानं ओळखत नव्हतो. आम्ही म्हणजे कोण, ते विचारू नका.

लेकीला आता परवाना हवा आहे. नवऱ्याचं म्हणणं, यादी पुढे सरकेपर्यंत ती कॉलेजात जाईल, त्यापेक्षा डिसेंबरात अलिबागला न्यावी आणि मनसोक्त शिंपले वेचू द्यावेत. तिकिटं बघतोय. भयंकर महाग आहेत.