ओटीपी ह्यांच्या नंबरवर गेला

2025 च्या नोव्हेंबरचा पहिला आठवडा. कळव्यातल्या माझ्या महा ई-सेवा केंद्राच्या दारात रात्री दहालाही चपलांचा ढीग असायचा. लाडकी बहीण योजनेत सरकारकडून बायकांना महिन्याला 1,500 मिळतात; त्यासाठीची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, आणि शेवटची तारीख 18 नोव्हेंबर. दिवसभराची कामं आणि रात्रीची जेवणं उरकून बायका यायच्या.

त्या रात्री वाघोबानगरच्या एक मावशी आल्या. पारसिकनगरात तीन घरची भांडी-लादी करतात. त्यांच्या स्वतःच्या आधारचा ओटीपी लगेच आला. मग पुढचं पान उघडलं : पती किंवा वडील यांचा आधार क्रमांक.

मावशींनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेलं, लॅमिनेट केलेलं कार्ड काढलं. "हे जाऊन दोन वर्षं झाली, ताई. पण कार्ड जपून ठेवलंय." मी नंबर टाकला. ओटीपी पाठवल्याचा मेसेज पडद्यावर आला.

"काकांचं सिम कुठंय?"

"बंद पडलं. रिचार्ज कोण मारणार?"

बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देते. मी हे सांगेपर्यंत मावशींनी नंबर लावलासुद्धा होता. रिंग वाजली, तशा त्या खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. पलीकडे कुणी तरुण मुलगा होता, मागे स्टेशनवरची अनाउन्समेंट ऐकू येत होती. "बाळा, तुला आत्ता एक आकडा आला असेल बघ, तेवढा सांग रे," मावशी म्हणाल्या. "ओटीपी मागता? पोलिसांत तक्रार करीन," म्हणत त्यानं फोन ठेवला.

त्या मुलाचं काही चुकलं नाही. ओटीपी कुणालाही सांगू नका, हे मी स्वतः दिवसातून वीस वेळा बजावते. पण मावशी फोन हातात धरून तशाच उभ्या होत्या, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

"वडिलांचं आधार आहे का?"

"बाबा माझ्या लग्नाआधी गेले. तेव्हा कुठं होतं आधार?"

पती किंवा वडिलांचं आधार मागत होते ते कुटुंबाचं उत्पन्न तपासायला. वर्षाला अडीच लाखांच्या आत असेल तरच बाई पात्र. तपासणी हवीच, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण 2024 मध्ये योजना आली तेव्हापासून पात्र बायकांच्या यादीत विधवा आहेत, घटस्फोटित आहेत, परित्यक्ता आहेत. मग केवायसीचं पान बनवताना त्यांची आठवण कुणालाच कशी झाली नाही? ज्यांना आधाराची सगळ्यात जास्त गरज, त्यांच्याचकडे गेलेल्या माणसाचा ओटीपी मागायचा!

मावशींनी विचारलं, "मग विधवा पेन्शनचा फॉर्म भरूया का?" ती पेन्शन संजय गांधी निराधार योजनेतली. तिथंही महिन्याला 1,500च मिळतात, पण कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21,000. मी कॅल्क्युलेटरवर भागून दाखवलं : महिन्याला 1,750. मावशींना तीन घरांचे मिळून साडेसात हजार मिळतात. त्या थोडा वेळ आकड्याकडे बघत राहिल्या. "दोन घरं सोडली तर बसेन का मी?" एकच घर ठेवलं तरी वर्षाचे 30,000 होतात. मी त्यांना हे कुठल्या तोंडानं सांगणार होते? पण सांगावं लागलं. सिलिंडर तेव्हा साडेआठशेच्या वर गेला होता, खोलीचं भाडं वेगळं, आणि निराधार ठरायचं तर 1,750 मध्ये महिना काढायचा. ठाण्यात कोण काढतं?

त्या रात्री त्यांचं काम अर्धवट राहिलं. एक वहीचं पान घेऊन मी त्यांचं नाव आणि नंबर लिहिला. आठवडाभरात त्या पानावर अशा अकरा जणी झाल्या.

मग मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढली आणि सोय झाली : पती आणि वडील दोघेही हयात नसतील तर बाईनं स्वतःची केवायसी करायची आणि मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा. मी वही काढून अकरा जणींना फोन केले. मावशी दुसऱ्याच दिवशी कामावरून परस्पर आल्या. मी दाखल्याच्या दोन प्रती काढल्या, एक द्यायला आणि दुसरीवर तारखेसह पोच घ्यायला. "सही घेतल्याशिवाय हलायचं नाही," मी म्हटलं.

संध्याकाळी त्या सही दाखवायला परत आल्या.