आजीची सहाण आणि पाचवीचा दिवा

रात्रीचे सव्वातीन. बाळ आत्ता कुठे झोपलंय, चोवीस दिवसांचं झालं आज. झोप माझी उडालीच आहे तर लिहून टाकते, नाहीतर उद्या लंगोट-दुपट्यात सगळं विसरायला होईल आणि हे मला विसरायचं नाहीये.

आज सकाळी आजीने सहाण काढली. बाळगुटीचा डबा तिने माझ्या सातव्या महिन्यापासून तयार करून ठेवला होता, वेखंड, हळकुंड, जायफळ, मुरडशेंग, हिरडा, जेष्ठमध, अतिविष, काकडशिंगी, एकेक तुकडा उन्हात वाळवून जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेला. माझं अंघोळ-शेक होईपर्यंत ही खिडकीशी बसून एकेक मुळी उगाळत होती, जायफळाचा एक वेढा, हळकुंडाचे दोन, मुरडशेंगेचे तीन, तोंडाने मोजत. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, बोटं वाकडी झालीत सांध्यांनी, पण सहाणेवर हात असा गोल फिरतो की बघत बसावं. सगळं वाटीत काढून माझ्या दुधात कालवायला माझ्यासमोर धरलं आणि मी नाही म्हणाले. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही, असं आमच्या बाळाच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलंय आणि मला ते पटलेलं आहे. आजी काही बोलली नाही. वाटीतलं तुळशीत ओतलं, सहाण पदराने पुसली आणि परत फडक्यात बांधायला लागली. गाठ काही तिला बसेना. मला इतकं वाईट वाटलं की मी बाळाला आईकडे देऊन तिच्याजवळ जाऊन बसले.

खरं तर या गरोदरपणात असं नाही-हो मी खूपदा केलंय. पपई, अननस यांच्यावर वाद घालण्यात अर्थच नव्हता, नाही खाल्ली पपई तर काय बिघडतं. बाळ यायच्या आधी कपडे आणायचे नाहीत, रिकामा पाळणा हलवायचा नाही, झोपलेल्या बाळाचा मुका घ्यायचा नाही, तेही सगळं ऐकलं. पहिले बारा दिवस जुन्या साड्यांची दुपटी आणि माझ्या मामेबहिणीच्या मुलाची उतरलेली झबली, हे तर मला आवडलंच, किती मऊ असतात ती. मी मनाशी एक ठरवून टाकलं होतं, बाळाच्या पोटात, डोळ्यात आणि बेंबीला काहीही जाणार नाही, बाकी तुम्ही म्हणाल तसं. म्हणून मध चाटवू दिला नाही (वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोटुलिझम होऊ शकतो, साधी गोष्ट नाही ती), डोळ्यात काजळ नाही, पण तळपायाला आणि कानामागे तीट लावा खुशाल. मीठ-मोहरीने दृष्ट काढा. बाळ रडून रडून लाल झालं की आजी 'आल्यागेल्याची, पाप्याची, पापिणीची' करत मिरच्या चुलीत टाकते तेव्हा ते गप्प होतं की नाही ते जाऊ दे, मला मात्र बरं वाटतं. कुणीतरी आपल्या बाजूने उभं आहे असं वाटतं.

ग्रहणाचं मात्र मला जड गेलं होतं. गेल्या सप्टेंबरात, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, ७ तारखेला रविवारी खग्रास चंद्रग्रहण होतं. मला पाचवा महिना, मी पुण्यात सासरी. दुपारीच वेध लागलेले. सासूबाईंनी आधी प्रेमाने सांगितलं, मग डोळ्यात पाणी आणून सांगितलं, विळीला हात लावू नकोस, सुईत दोरा ओवू नकोस, आडवी होऊ नकोस, खिडकीशी जाऊ नकोस. ग्रहण रात्री दहाच्या आसपास लागून दीडच्या सुमारास सुटलं आणि त्यातली ऐंशीवर मिनिटं चंद्र पूर्ण सावलीत. साडेतीन तास मी पडदे लावून खुर्चीत बसले, पाय सुजलेले, नवरा बाजूला बसून मोबाईलवर मला तांबडा चंद्र दाखवत होता. मी केळं खाल्लं आणि दोनदा उठून बाथरूमला गेले, तेवढं मी सांगूनच केलं. पण बसले. कारण आमच्याकडे भांडी घासायला येतात त्या मावशींच्या नातीचा ओठ जन्मतः फाटलेला होता. ऑपरेशन झालं, छान झालं, मुलगी शाळेत जाते. पण त्यांच्या सुनेला अजूनही, सात वर्षांनी, कुणी ना कुणी म्हणतंच, गिराणात काय चिरलं होतंस गं. ती बिचारी आठवत बसते. भेंडी चिरली होती का, नखं कापली होती का. फाटलेल्या ओठाची कारणं अनुवंशात असतात, फॉलिक अॅसिड कमी पडण्यात असतात, तंबाखू-सिगारेटमध्ये, काही औषधांमध्ये असतात, ग्रहण लागलं की पृथ्वीची सावली चंद्रावर पडते, कुणाच्या पोटावर नाही. हे मी त्या सुनेला सांगितलं होतं. ती हो म्हणाली. पण त्या रात्री खुर्चीत बसून मला कळलं की मी चंद्राला भीत नव्हते, मी त्या प्रश्नाला भीत होते. उद्या बाळाला काही झालं तर सगळे माझ्याकडे बघणार.

तर आज आजीजवळ बसले आणि तिला म्हणाले, आजी राग आला का. ती म्हणाली, "राग कशाचा, तुजं ल्येकरू हाय. पर काय ऱ्हाऊन गेलं तर मागनं जीव खातंय गं." आणि मग तिने जे सांगितलं ते मी आजपर्यंत ऐकलेलं नव्हतं. आईलाही अर्धवटच माहीत होतं.

आम्हाला एवढंच ठाऊक होतं की काकांच्या आधी दोन मुलगे होऊन गेले. काकांना घरात सगळे दगडू म्हणतात ते त्यामुळेच. शाळेच्या दाखल्यावर वेगळं नाव आहे, एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केली तीही त्या नावाने, पण आजी अजून दगडूच म्हणते. जन्मल्या जन्मल्या त्यांना सुपात घालून शेजारणीला पसाभर बाजरीला विकलं आणि परत विकत घेतलं, म्हणजे हे मूल या घरचं नाही, याच्यावर कुणाची नजर नको. दगडू, धोंडू, केरू, कोंडीबा, ही नावं ऐकून आपण लहानपणी हसायचो ना, त्यातल्या कितीतरी नावांमागे गेलेली भावंडं आहेत. (मुलीच्या जातीला 'नकुशी' म्हणायचे ते वेगळं, त्यात जगावं ही इच्छाच नव्हती. आमच्याच सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये अशा अडीचशेहून जास्त मुलींची नावं सरकारी कार्यक्रम करून बदलली तेव्हा मी कॉलेजात होते, मला तो पेपरातला फोटो आठवतो.)

आजी म्हणाली पहिल्याच्या वेळी ती एकोणीस वर्षांची होती. पाचवीची पूजा झाली, पाटा-वरवंटा मांडला, कोरा कागद, बोरू, विळा, सगळं. रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते म्हणून दिवा रात्रभर तेवत ठेवायचा आणि आईने जागायचं. पाच दिवसांची बाळंतीण, डोळा लागला तिचा. जाग आली तर दिवा विझलेला. आठव्या दिवशी बाळ दूध ओढेना, जबडा आवळलेला, मग अंग ताठ, हात लावला की धनुष्यासारखं वाकायचं. गेलं. सासू म्हणाली, दिवा राखला न्हाईस. दुसऱ्याच्या वेळी ती रात्रभर डोळ्याला पाणी लावून बसली, दिवा विझू दिला नाही. ते सातव्या दिवशी तसंच गेलं. मग सासूला आठवलं की पोटुशी असताना हिने ग्रहणात चोळी शिवली होती.

मी ऐकत होते आणि माझ्या अंगावर काटा येत होता, कारण मी गरोदरपणात जेवढं वाचलं त्यात हे सगळं वाचलेलं होतं. मी विचारलं, आजी नाळ कशाने कापली होती? "सुईन यायची की, इळ्यानं. वर राख लावली." दोघांची? "दोगांची." आणि दगडूकाकांची? तर म्हणाली त्या वेळी गावात सरकारी नर्सबाई यायला लागली होती, तिने चुलीवर पाणी उकळायला लावलं, पातं त्यात टाकलं, दोरा उकळला आणि राख लावायला गेलेल्या सुईणीचा हात धरला. हे आजीने असं सांगितलं जसं काही ती नर्सबाईचा रागीटपणा सांगतेय. साठ वर्षं आमच्या घरात सगळे म्हणतायत की दगडू नावाने मूल वाचलं.

धनुर्वात होता तो. माती-शेणातले जंतू विळ्यावरून, राखेतून नाळेत जायचे आणि आठवड्याच्या आसपास बाळ दूध ओढायचं थांबायचं. मला तर वाटतं पाचवी-सटवीची भीती बसली ती यातूनच, पाचव्या-सहाव्या रात्रीनंतर काय होणार कुणालाच माहीत नसायचं तर बाया दुसरं काय करणार, दिवा लावून जागणार. भारतातून नवजात बाळांचा हा धनुर्वात हटला असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मान्य केलं, म्हणजे एकूण एक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहून कमी. २०१५ म्हणजे परवाच की. आणि १९७१ साली, आजीची बाळं गेल्यावर दहा वर्षांनीसुद्धा, देशात हजारातली १२९ बाळं वर्षाच्या आत जायची, साधारण आठातलं एक. २०२३ ला तो आकडा २५ वर आलाय. आजीच्या वयाच्या कुठल्याही बाईला विचारा, तिच्याकडे असं एखादं तरी असतंच, विचारत कोणी नाही.

मला कळेना सांगू की नको. वाटलं आता चौऱ्याऐंशीव्या वर्षी तिला विळ्याचं ओझं कशाला द्यायचं. पण तिच्याकडे ओझं आधीपासून होतंच ना. मी सांगितलं. हळूहळू, तिच्या भाषेत, धनुर्वाताच्या इंजेक्शनाचं सांगितलं, जंतूंचं सांगितलं, की तेव्हा ते इंजेक्शन गावात मिळतच नव्हतं, तुला कुणी दिलंच नाही, सुईणीलाही माहीत नव्हतं, कुणालाच माहीत नव्हतं.

ती म्हणाली, "मंग दिव्याचं काय न्हवतं?"

नव्हतं आजी.

"आन चोळीचं?"

तेही नव्हतं.

बराच वेळ ती फडक्याची गाठ सोडत आणि बांधत राहिली. मग म्हणाली, "मंग आत्याबायनी मला येवडं बोलायला नगं हुतं." आत्याबाई म्हणजे तिची सासू, तिला जाऊनही चाळीस वर्षं झाली.

मी विचारलं नावं काय ठेवली होती गं त्यांची. तर म्हणाली, "बारावा कुटं आला?" मला आमचं बारसं आठवलं, बारा दिवसांपूर्वीचं. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत बायका कुंची घातलेला वरवंटा पाळण्याखालून-वरून फिरवत होत्या आणि आजीच्या हातात आला तेव्हा तिने तो पुढे दिलाच नाही, छातीशी धरून उभी राहिली, कुणीतरी हसून म्हणालंसुद्धा, आजी सोडा की आता. मीही हसले होते.

आणि पाचवीच्या रात्री मी दोनला दूध पाजायला उठले तर ही भिंतीला टेकून ताठ बसलेली, खिडकीच्या फटीतून वारं येत होतं म्हणून दिव्याच्या कडेने हात धरून. मी म्हणाले आजी झोप की आता, लाईट आहे ना. तिने मान सुद्धा वळवली नव्हती.

माझं म्हणणं एवढंच आहे की दिवा लावा, मी कधी विझवायला जाणार नाही. पण दिवा विझला म्हणून पोर गेलं हे जिने ऐकलंय तिचं काय. आपल्याकडचा एकेक नियम असा आहे की बाळाचं चांगलं झालं तर नियमाने झालं आणि वाईट झालं तर आईने मोडला म्हणून झालं. मला उद्या माझ्या मुलीला यातलं काय सांगायचं ते मी अजून ठरवलेलं नाही, कुंची आणि तीट आणि 'गोविंद घ्या' नक्की सांगेन, ग्रहणात खुर्चीत बसवणार नाही.

संध्याकाळी मी बाळाला घेऊन पडले होते तर आजी आली, कॉटच्या कडेला बसली. म्हणाली, "ते विंजेक्शान तू घेतलंस न्हवं?" मी म्हणाले घेतलं, दोन घेतली, महिन्याच्या अंतराने. "दाव." मला आधी कळलंच नाही काय दाखवायचं. मग मी कपाटातून फाईल काढली, कार्ड काढलं, त्यावर दोन्ही तारखा आणि नर्सच्या सह्या आहेत तिथे बोट ठेवलं. तिला वाचता येत नाही. तिने माझं बोट बाजूला केलं आणि त्या जागी आपलं ठेवलं, पहिल्या तारखेवर, मग दुसऱ्या तारखेवर.