१४० रुपयांची बांगडा थाळी

तक्रार चारच ओळींची होती. लोअर परळला ना. म. जोशी मार्गाच्या आतल्या एका गल्लीत मालवणी खानावळ आहे, तिथे बांगडा थाळी १४० रुपयांना मिळते. रस्सा इतका लाल असतो की हात धुतल्यावरही बोटांवर रंग राहतो, मासळीला औषधासारखा वास येतो. एवढ्या स्वस्तात चांगलं अन्न देणं परवडूच शकत नाही, तरी तपासणी व्हावी. खाली तक्रारदाराचं नाव आणि फोन नंबर.

मी अन्न व औषध प्रशासनात अन्न सुरक्षा अधिकारी आहे. निनावी तक्रारी ढिगाने येतात; नाव देणाऱ्याची तक्रार मी आधी घेते, कारण त्याने तेवढी जबाबदारी उचललेली असते. शिवाय स्वस्त म्हणजे भेसळ हा हिशेब मला कधीच पटलेला नाही. वनस्पती तेलापासून बनवलेलं नकली पनीर मला सापडलं ते वातानुकूलित हॉटेलात, जिथे मेनूकार्डावर त्याचा तसा काहीही उल्लेख नव्हता आणि भाजीची किंमत या थाळीच्या तिप्पट होती.

या नोकरीने मला मुंबई दुपारच्या जेवणातून दाखवली. फोर्टमधली गोमंतक खानावळ, सीएसएमटीसमोर पुरी-भाजी खाणारी गर्दी, माटुंग्याला मंडईच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर १९४२ पासून केळीच्या पानावर वाढणारं उडिपी बोर्डिंग. कामाच्या भागात दुपार झाली की जवळ काय मिळतं ते शोधायचं, ही सवयच लागली. फक्त जिथे तपासणी करायची तिथे पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, हा माझा नेम आहे.

डिसेंबर होता. मी साडेअकराला पोचले, मुद्दामच. तेव्हा स्वयंपाक झालेला असतो, वाढप सुरू झालेलं नसतं आणि झाकपाक करायला कुणाला वेळ नसतो. चाळीच्या तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा. पुढच्या खोलीत सहा टेबलं, मागच्या खोलीत चूल, म्हणजे गॅसच्या दोन मोठ्या शेगड्या. खानावळ चालवणाऱ्या काकी साठीच्या पुढच्या, त्यांची सून भाकऱ्या थापत होती, दोन मदतनीस बायका कांदा चिरत होत्या. मी ओळखपत्र दाखवलं. काकींनी ते नीट वाचलं आणि म्हणाल्या, "काय बघूचा आसा ता बघा मॅडम. पण एक वाजल्यार माका बोलूक सवड नाय."

आधी मासळी. तक्रारीतला औषधाचा वास म्हणजे फॉर्मलिनचा, मासळी टिकावी म्हणून लावल्या जाणाऱ्या विषारी रसायनाचा संशय, हे उघड होतं. २०१८ च्या जुलैत गोव्यात फॉर्मलिनवरून मोठा गदारोळ झाला, बाहेरून येणाऱ्या मासळीवर काही दिवस बंदीही आली. तेव्हापासून हा शब्द लोकांच्या मनातून गेलेला नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने त्यासाठी कागदी पट्टीची सोपी चाचणी तयार केली आहे: पट्टी माशाच्या अंगावर घासायची, तिच्यावर द्रावणाचा थेंब टाकायचा आणि रंग तक्त्याशी ताडून बघायचा. मी टोपलीतल्या वेगवेगळ्या बांगड्यांवर पट्ट्या घासल्या. रंग पालटला नाही. कल्ले लाल होते, डोळे फुगीर, बोट दाबलं की मांस परत वर येत होतं.

पण बांगड्याच्या बाबतीत मी फॉर्मलिनपेक्षा बर्फाकडे जास्त बघते. बांगडा, टुना या जातीच्या माशांत हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा पकडल्यावर गार ठेवला नाही तर जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात, आणि ते एकदा तयार झालं की तळून किंवा उकळून जात नाही. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात. लोक म्हणतात, मासळी बाधली. ग्राहक या धोक्याबद्दल कधी तक्रार करत नाहीत, कारण तो त्यांना ठाऊकच नसतो. इथे थर्मोकोलच्या खोक्यात फोडलेला बर्फ होता आणि मासळी त्यात पुरलेली होती. थर्मामीटर टोचला तर पारा तीन अंशांवर. तळायला लागतील तेवढेच बांगडे बाहेर काढले जात होते.

तळण तव्यावर, तांदळाच्या पिठात घोळवून, बेताच्या तेलात. कढईभर तेल पुनःपुन्हा तापवणं नाही. १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलात ध्रुवीय घटक, म्हणजे तेल तापून तापून खराब झाल्यावर त्यात तयार होणारे घटक, २५ टक्क्यांवर गेले तर ते तेल वापरता येत नाही, आणि वड्या-भज्यांच्या गाड्यांवर मला त्याचीच सगळ्यात जास्त काळजी असते. इथे तो प्रश्नच नव्हता.

राहिला लाल रंग. रश्शात कृत्रिम रंग घालायला कायद्याने बंदी आहे. मिठाई, सरबतं अशा ठरावीक पदार्थांतच तो मर्यादेत चालतो. मी काकींकडे मसाला मागितला. त्यांनी चिनी मातीची बरणी पुढे केली. पाण्याने भरलेल्या ग्लासात चिमूटभर मसाला वरून सोडला. पाण्यात विरघळणारा रंग असेल तर खाली उतरताना त्याच्या रेघा सुटतात. सुटल्या नाहीत.

"रंग घालूक पैसे लागतत," काकी म्हणाल्या. "ब्याडगी असताना रंग कित्याक घालू?"

त्यांचं खरं होतं. ब्याडगी मिरची तिखटाला सौम्य आणि रंगाला गडद. तिचा रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो, म्हणून रश्शावर लाल तवंग येतो आणि म्हणूनच नुसत्या पाण्याने धुतलेल्या बोटांवर तो राहतो. दर एप्रिलमध्ये त्या आणि सून लालबागच्या मिरची गल्लीत जातात, ब्याडगी आणि संकेश्वरी घेतात, गच्चीवर वाळवतात आणि लालबागच्याच डंकावर कुटून आणतात. वर्षाचा मसाला एकदाच.

तरीही नमुना घ्यायचा मी ठरवलं. सुदानसारखे तेलात विरघळणारे बंदी असलेले रंग ग्लासातल्या पाण्यात कळत नाहीत, त्याला प्रयोगशाळाच लागते. आणि नाव देऊन तक्रार करणाऱ्याला 'मला बघून ठीक वाटलं' असं उत्तर देता येत नाही.

नमुना घेणं हा सोपस्कार वेळखाऊ असतो. लेखी नोटीस द्यायची, मसाल्याचे चार भाग करायचे, प्रत्येक बाटली जाड कागदात गुंडाळायची, सांकेतिक क्रमांकाची चिठ्ठी खालून वर चिकटवायची, दोरा बांधायचा, लाखेचे शिक्के मारायचे. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, म्हणजे माझ्या वरच्या अधिकाऱ्याकडे राहतात. चौथा भाग मालकाने मागणी केली तर त्याच्या खर्चाने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. ही शेवटची गोष्ट मी प्रत्येक मालकाला समजावून सांगते, कारण तो त्याचा हक्क आहे आणि बहुतेकांना तो माहीत नसतो.

नमुन्याची किंमतही द्यावी लागते. इथे काकी अडून बसल्या. "तो विकूचो नाय. पैसे कसले घेव?" मी सांगितलं, फुकट घेतला तर उद्या म्हणतील मॅडमनी मसाला घरी नेला. त्या गप्प झाल्या. शेवटी लालबागच्या दुकानातला तयार मालवणी मसाल्याचा भाव धरला, सुनेने पावती लिहून दिली.

तोवर एक वाजला होता. टॉवरमधून गळ्यात ओळखपत्रं लटकवलेली मुलं-मुली येऊन गल्लीत रांग लागली. कुणीतरी मोबाइलवर या खानावळीचा व्हिडिओ टाकल्यापासून ही रांग वाढली, असं सून म्हणाली. मला साक्षीदार हवा होता. नमुना घेताना त्रयस्थ माणूस हजर असावा लागतो आणि त्याची सही लागते. मी रांगेत विचारलं. सगळे मेणबत्तीवर वितळणारी लाख आणि शिक्के बघत होते, दोघे-तिघे चित्रीकरणही करत होते, पण सहीचं नाव काढलं की मागे सरकत होते. मी त्यांना दोष देत नाही. सरकारी कागदावर सही म्हणजे पुढे कोर्टाच्या चकरा, ही भीती खरी आहे.

कोपऱ्यातल्या टेबलावरचे एक आजोबा उठले. महिन्याचे मेंबर. त्यांच्यासाठी ते टेबल राखलेलं असतं आणि रांग कितीही असली तरी तिथे दुसऱ्याला बसवत नाहीत. त्यांनी नोटीस वरपासून खालपर्यंत वाचली, चारही बाटल्यांवरचे क्रमांक जुळवून पाहिले, मग सही केली. आधीच्या पंचांपैकी कुणी इतकं नीट वाचल्याचं मला आठवत नाही.

ते गिरणीत साळखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात होते. बाटल्या सुकेपर्यंत बोलत बसले. ही खानावळ काकींच्या सासूबाईंची. गिरणगावात एकटे राहणारे पुरुष गावाकडून येत, त्यांना जेवू घालणाऱ्या अशा बायका गल्लोगल्ली होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना सावकाराच्या हातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून द्यायला. मग जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. दोन लाखांहून अधिक कामगार घरी बसले. "पगार बंद झाला की मेंबर बंद होतो," आजोबा म्हणाले. "हिच्या सासूनं उधारीची वही बंद केली नाही. मी गावाला गेलो, दोन वर्षांनी परत आलो, तेव्हा फेडली. काहींनी नाही फेडली. पण तिनं कुणाचं नाव काढलं नाही."

गर्दी ओसरल्यावर मी सुनेसोबत हिशेबाला बसले. तपासणीत याची गरज नव्हती, पण तक्रारीचा गाभा तिथेच होता. १४० रुपयांत कसं परवडतं?

सून पहाटे चारला भाऊच्या धक्क्यावर जाते. गल्लीतली आणखी तीन घरं मासळीचा धंदा करतात, सगळ्यांचा मिळून एक टेंपो. लिलावात पाटीच्या पाटी घेऊन वाटून घेतात. त्या दिवशी बांगडा किलोला १८० ला पडला होता, किलोत सहा. थाळीत एक तळलेला आणि रश्शात अर्धा, म्हणजे ४५ रुपये. तांदूळ, भाकरी, नारळ, सोलकढी, गॅस मिळून आणखी तेवढेच. कोकम आणि तिरफळ गावाहून येतं. उरलेल्या ५० रुपयांत दोघींचे कष्ट, दोन बायकांचा पगार, वीज आणि पागडीच्या जागेचं किरकोळ भाडं.

मेनूकार्ड नाही, हीच त्यांची बचत. धक्क्यावर जे मुबलक आणि ताजं मिळेल तेच फळ्यावर. बांगडा महागला तर मांदेली, मांदेली नसेल तर तारली. जून-जुलैत बोटी बंद असतात तेव्हा सुकट, सुका बांगडा आणि काळ्या वाटाण्याची उसळ. सुरमई मागणाऱ्याला सरळ दुसऱ्या हॉटेलाचा रस्ता सांगतात. नव्वदेक ताटं झाली की दार बंद. दुसऱ्या दिवसासाठी काही उरत नाही, म्हणून काही वाया जात नाही. मला वाटतं, लोअर परळमध्ये एवढ्या प्रामाणिकपणे चाललेलं स्वयंपाकघर टॉवरच्या तळमजल्यावर शोधून सापडणार नाही, कारण तिथलं भाडंच तसं वागू देत नाही.

त्रुटी होत्याच आणि त्या मी लिहिल्या. मदतनीस बायकांची वैद्यकीय प्रमाणपत्रं जुनी झाली होती, पाण्याच्या तपासणीचा अहवाल नव्हता, कचऱ्याच्या डब्याला झाकण नव्हतं आणि परवाना कालनिर्णयच्या मागे टांगलेला होता. सुधारणा नोटीस निघाली. काकींना वाईट वाटलं. इतकं सगळं चांगलं निघून नोटीस कशाला, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण रोज नव्वद माणसं जेवतात तिथे पाण्याचा अहवाल हवाच. त्यात आपुलकीला जागा नाही.

विश्लेषकाचा अहवाल चौदा दिवसांच्या मुदतीत आला: कृत्रिम रंग नाही, मसाला प्रमाणित. तक्रारदाराला लेखी कळवलं. त्यांचा फोन आला, जरा अवघडलेले होते. मी म्हटलं, तुम्ही तक्रार केलीत ते योग्यच केलंत. शंका आली तर पुढेही करा. ब्याडगीचा रंग तेलात का उतरतो तेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

पूर्ततेच्या पाहणीला गेले तेव्हा परवाना दारासमोरच्या भिंतीवर होता, शेजारी पाण्याचा अहवाल. डब्याला झाकण आलं होतं. फळ्यावर मांदेली. काकींनी मला बाजूला घेऊन विचारलं, की चाळ पुनर्विकासाला जाणार म्हणतात, बिल्डरची माणसं येऊन मोजमाप करून गेली, तर हा परवाना नव्या जागेवर चालेल का?

चालत नाही. परवाना जागेला असतो. जागा बदलली की नवा अर्ज, नव्याने सगळं. मी त्यांना ते सांगितलं, आणि हेही, की संक्रमण काळात कुठेही जागा मिळाली तरी आधी मला फोन करा, अर्ज आपण बसून भरू. सुनेने नंबर फळ्याच्या मागच्या बाजूला खडूने लिहून ठेवला. मी म्हटलं, पुसला जाईल, वहीत लिहा. तिने उधारीची वही काढली.