चंद्रीला 'ये ये' कळत नव्हतं

मागच्या आठवड्यात दुकानात ओळखीचे एक काका आले, त्यांचा मोबाईल खोलून बसलोय तेवढ्यात विचारलं, "गुरं पाळतोस म्हणे, दूध किती?" म्हटलं दोन्ही वेळचं मिळून तीन लिटर, तेपण वासरू पिऊन उरलेलं. काका गप्पच झाले. आमच्या निपाणी भागात दारोदारी एचएफ, म्हणजे जास्त दुधाच्या होल्स्टीन फ्रिजियन गाई आहेत, सकाळी डेअरीला कॅन गेला की हिशोब जमतो, त्यात खिल्लारसारखी कमी दुधाची देशी गुरं कोण ठेवणार? माझ्याकडे चार आहेत, दोन गाई, एक कालवड, एक खोंड. धंदा म्हणून नाही, मला आवडतात म्हणून आहेत.

त्यातली मोठी चंद्री, अथणीकडच्या एका कन्नड घरातनं आणलेली. आणली त्या दिवशी दावणीला नुसती उभी, पाण्याला तोंड लावेना, मी आपला "ये ये, ये गं बाई" करून थकलो. आई म्हणाली, "अरे तिला मराठी कुठलं कळतंय." मग जुन्या मालकाला फोन लावला, त्यांनी सांगितलं स्पीकरवर ठेवा, आणि तिकडनं हाक आली, "बा बा, बा अव्वा!" काय सांगू, दोन्ही कान ताठ झाले, मान वळवून फोन शोधायला लागली, आणि तशीच बादलीकडं आली. माझ्या डोळ्यात पाणी आलं तेव्हा. आता घरात सगळेच "बा बा" म्हणतात, आणि इथं जन्मलेली कालवड दोन्ही भाषांना धावत येते.

खिल्लारचं एक आहे, वासरू जवळ नसलं तर पान्हा सोडत नाही, म्हणून घाई चालत नाही. सकाळी साडेपाचला आधी वासरू सोडायचं, कास भरली की मग धार. वासरू जन्मतं तेव्हा माथ्यावर तांबूस असतं, दोनेक महिन्यात तो रंग जातो, ते बघायला मला फार आवडतं.

वैरणीचं सांगतो, कारण नवीन लोक इथंच चुकतात. इकडं ऊस तोडीच्या दिवसात वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, फुकटसारखे मिळतात, म्हणून नुसते वाढेच घालतात. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते अंगातलं कॅल्शियम धरून ठेवतं, गाभण गाईला तर नकोच नुसते. मी कुट्टी करून चुन्याची निवळी शिंपडतो, सोबत जोंधळ्याचा कडबा आणि थोडी सरकी पेंड.

२०२२ ला लम्पी, हा गुरांच्या अंगावर गाठी आणणारा रोग, आला तेव्हा मात्र झोप उडाली होती. माशा, डास, गोचीड यांच्यामुळं पसरतो म्हणून संध्याकाळी गोठ्यात कडुलिंबाचा धूर, शेळ्यांच्या देवीची लस टोचून घेतली होती तरी धाकटीच्या अंगावर गाठी आल्याच, पाय सुजले, पंधरा दिवस दुकान भावाने बघितलं आणि मी तिच्याजवळ. वाचली. गाठींच्या खुणा अजून हाताला लागतात.

खोंड मोठं व्हायला लागलं तसं बैलगाडी शर्यतवाले येऊन दात बघून जातात, मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने शर्यतींना परवानगी कायम ठेवल्यापासून खिल्लारला भाव आलाय हे मलाही दिसतंय. मी हात जोडून नाही म्हणतो. तो चंद्रीचा आहे, तो इथंच राहणार.

ती परत गाभण आहे. रेतन केलेल्या तारखेपासून २८५ दिवस मोजले, ज्येष्ठी पौर्णिमेच्या, म्हणजे आपल्या कर्नाटकी बेंदराच्या, गुरांच्या सणाच्या, चार दिवस आधी विण्याची तारीख येते. आई म्हणते यंदा तिच्या शिंगांना रंग नको, नुसतं हळदकुंकू लावू. त्या आठवड्यात दुकान दुपारीच बंद होईल, रिपेअरिंगचे फोन असतील तर आधी घेऊन जा.