जीपीएसला जागा सापडेपर्यंत

मावसभाऊ न्यू जर्सीहून आला तेव्हा त्याचा जुना, हातात धरायचा जीपीएस माझ्या गळ्यात मारून गेला. मी नवे सेल घातले आणि हरिश्चंद्रगडाला जाताना सॅकमध्ये टाकला. घरी एकदा लावून बघायला हवा होता, पण हे शहाणपण नंतरचं.

गडाच्या पायथ्याला, पाचनईत उतरलो, यंत्र चालू केलं आणि चालायला लागलो. पडद्यावर उपग्रहांचे नुसते पोकळ खांब. एखादा भरतोय असं वाटावं, तेवढ्यात झाड आडवं यायचं. कड्याखाली गेलो तेव्हा तर सगळेच गायब. चाळीस मिनिटं झाली तरी पत्ता नाही. मित्र म्हणाला, "ठेव रे तो डबा. वाट मला पाठ आहे."

घरी येऊन वाचत बसलो तेव्हा उलगडा झाला. गणित क्षणात होतं, वेळ जातो तो ऐकण्यात. उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर. त्याचा संदेश खाली पोचेपर्यंत गोंगाटाहूनही क्षीण झालेला असतो. आणि बोलण्याचा वेग सेकंदाला ५० बिट! आपल्या कक्षेची आणि घड्याळाची नेमकी माहिती सांगायला त्याला १८ सेकंद लागतात, आणि ती तो दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो. एसटी स्टँडवरच्या घोषणेसारखंच. मध्येच कुणी हॉर्न वाजवला की गावाचं नाव निसटलं, बसा पुढच्या घोषणेची वाट बघत. अशा किमान चार उपग्रहांचं धड ऐकू यावं लागतं, आणि मी झाडीतून चालत होतो.

भरीस भर, यंत्र अजून मनाने अमेरिकेतच होतं. तिथल्या आकाशात दिसतील ते उपग्रह ते पाचनईत शोधत बसलं. कुठला उपग्रह साधारण कुठे असेल याचं पंचांगही उपग्रहच पाठवतात, पण ते पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. फोन ही सगळी माहिती मोबाइल नेटवर्कवरून मागवतो, म्हणून शहरात त्याचा तोरा. रेंज नसली की त्यालाही ताटकळावं लागतं.

मग एका रात्री गच्चीवर, टाकीपासून लांब, यंत्र कठड्यावर ठेवलं आणि हात लावला नाही. अकरा मिनिटांनी चौथा खांब भरला. तरी पंचांगासाठी आणखी वीस मिनिटं तसंच राहू दिलं. सकाळी लावलं तर पाऊण मिनिटात जागा सापडली. कक्षेची माहिती साधारण चार तासच चालते, रात्रीची शिळी झाली होती. चहा पिऊन पुन्हा लावलं तर पाच-सहा सेकंदांत!

आता पाचनईत उतरलो की डबा आधी शेताच्या बांधावर, मग चहा. कड्याखाली तो अजूनही बावचळतो. तिथे मित्राची पाठ असलेली वाटच कामाला येते.