ट्रायलमधला पिवळा पट्टा

माझ्या एमएस्सीच्या थिसिसची ट्रायल ज्वारीवर होती. नत्राच्या चार मात्रा, म्हणजे हेक्टरी ०, ४०, ८० आणि १२० किलो, आणि रोपांच्या दोन घनता, म्हणजे आठ ट्रीटमेंट, तीन रेप्लिकेशन (प्रत्येक ट्रीटमेंट तीनदा), एकूण २४ प्लॉट. जमिनीचा उतार बघून ब्लॉक, म्हणजे आतून साधारण सारख्या जमिनीचे गट, पाडलेले, चिठ्ठ्या टाकून ट्रीटमेंट वाटलेल्या, नत्राचा अर्धा हप्ता पेरणीला दिलेला आणि उरलेला महिन्याभराने द्यायचा होता. पावसाची लांबलचक झड होऊन गेली आणि उघडीप मिळाली त्या सकाळी मी स्पॅड मीटर घेऊन रीडिंग घ्यायला गेले.

स्पॅड मीटर म्हणजे पान चिमटीत धरून त्याचा हिरवेपणा आकड्यात सांगणारं छोटं यंत्र. नत्र जास्त तर क्लोरोफिल जास्त आणि रीडिंग जास्त, एवढं साधं गणित डोक्यात होतं. पहिला ब्लॉक अगदी तसाच गेला. दुसऱ्या ब्लॉकमध्ये १२० किलोच्या प्लॉटवर आले तर रीडिंग शून्य नत्राच्या प्लॉटपेक्षा खाली! मीटर परत शून्यावर आणून बघितला, दुसरी झाडं घेतली, तरी तेच. मग आकडे सोडून उभं राहून शेताकडे बघितलं तेव्हा दिसलं की एक पिवळा पट्टा ब्लॉक आडवे कापत तिरका गेलाय आणि त्यात तीन प्लॉट पूर्ण सापडलेत, त्यातले दोन १२० किलोचे.

थोड्या वेळात आमच्यातले बरेच जण तिथे जमले आणि प्रत्येकाकडे उपाय तयार. कुणी म्हणालं पावसाने नत्र वाहून गेलंय, तेवढ्या पट्ट्यात मूठभर युरिया जास्त टाक, कुणाला कळणारेय. एक सिनियर अगदी आपुलकीने म्हणाला की तीन प्लॉट कशाला डोक्याला ताप, गुरं शिरली म्हणून दाखव, मिसिंग प्लॉट टाक, म्हणजे आकडा हरवला म्हणून अंदाजाने भर, आणि मोकळी हो. दोघांच्याही मनात वाईट काही नव्हतं हे मला माहितीये, पीजीला वेळेचं दडपणच एवढं असतं, एक हंगाम गेला की वर्ष जातं. पण युरिया टाकला असता तर १२० किलोची ट्रीटमेंट १२० ची राहिलीच नसती.

दुपारी सर आले. त्यांनी ट्रीटमेंटचा कागद माझ्याकडून काढून घेतला आणि म्हणाले, "कागद राहू दे, आधी झाड बघ. पिवळी पानं कुठली आहेत, खालची का शेंड्याची?" शेंड्याची. खालची जुनी पानं चांगली हिरवी होती. तिथेच नत्र बाद झालं, कारण नत्र कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून ओढून नव्या पानांना देतं, म्हणून पिवळेपणा खालून सुरू होतो. जे अन्नद्रव्य झाडात सहज हलत नाही, लोह किंवा गंधक, त्याची कमतरता आधी शेंड्यावर दिसते. आणि इथे शिरा हिरव्या आणि मधला भाग फिक्कट पिवळा, पानाच्या बुडापासून टोकापर्यंत रेघा मारल्यासारखा, म्हणजे लोहाकडे बोट. गंधक असतं तर सगळं पान सारखंच फिकट झालं असतं. हे सगळं मी परीक्षेत लिहिलेलं होतं, मार्कही मिळवले होते, पण समोर नत्राची ट्रायल असली की डोळ्यांना फक्त नत्रच दिसतं.

मग माती काढायचा ऑगर आणला आणि लॅबमधून १० टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिडची ड्रॉपर असलेली बाटली. पट्ट्याबाहेरच्या मातीवर थेंब टाकले, काही नाही. पट्ट्यातल्या मातीवर टाकले आणि ती चक्क फसफसली. चुनखडी! फार्मवरचे काका बाजूलाच उभे होते, ते म्हणाले इथे पूर्वी उंचवटा होता, लेव्हलिंग करताना तोडला. म्हणजे वरची चांगली माती निघून गेलेली आणि खालचा चुनखडीचा थर उघडा पडलेला. पेरणीआधी मातीचा नमुना सगळ्या शेतातून घेऊन एकत्र मिसळून तपासतात, रीतच तशी आहे, आणि त्या मिसळण्यात असा अरुंद पट्टा पार गडप होतो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं कारण आपण थिसिसच्या सुरुवातीला एक पीएच लिहितो आणि सगळं शेत त्या एका आकड्यासारखं असेल असं धरून चालतो.

असल्या मातीतही लोह भरपूर असतं, झाडाला मिळत नाही एवढंच. पीएच एका आकड्याने वाढला की विरघळलेलं फेरिक लोह हजार पटीने कमी होतं, त्यात झडीमुळे माती चिंब, हवा खेळत नाही, मुळांचा आणि जिवाणूंचा कार्बन डायऑक्साइड अडकून चुन्यापासून बायकार्बोनेट तयार होतं आणि ते लोह घेणं आणखी अवघड करतं. गवतवर्गातली पिकं मुळांतून फायटोसिडेरोफोर नावाचे पदार्थ सोडून लोह धरून आणतात, पण बार्ली ते भरपूर सोडते आणि ज्वारी बरीच कमी, त्यामुळे ज्वारी अशा जमिनीत लवकर पिवळी पडते. पिवळं पान लॅबमध्ये देऊन एकूण लोह मोजावं तर तेही फसवतं, कित्येकदा पिवळ्या पानात हिरव्याइतकंच लोह निघतं, ते पानात असतं पण कामाला येत नाही. म्हणून फेनॅन्थ्रोलिन नावाच्या रसायनाने ॲक्टिव्ह लोह, म्हणजे कामाला येणारं तेवढंच, काढून बघायची पद्धत आहे. आम्ही त्या दिवशी त्याहून सोपं केलं. अर्धा टक्का फेरस सल्फेटचं पाणी, त्यात किंचित सायट्रिक ॲसिड, आणि काही झाडांच्या शेंड्याच्या पानाच्या फक्त अर्ध्या भागाला कापसाने लावलं, अर्धं पान तसंच ठेवलं. काही दिवसांनी तेच पान बघितलं तर लावलेली बाजू हिरवी आणि दुसरी पिवळीच. इतका स्पष्ट पुरावा मी तोपर्यंत स्वतःच्या हाताने कधी उभा केला नव्हता, कितीतरी वेळ तिथे बसून बघत राहिले.

आता फवारणीचं काय? मी म्हटलं सर, पट्ट्यावर फवारू का? ते म्हणाले, "फवारायचं तर २४ प्लॉटवर, नाहीतर एकावरही नाही. नाहीतर त्या तीन प्लॉटना तू लोहाची वेगळीच ट्रीटमेंट दिलीस." मग सगळीकडे सारखं फवारलं. पट्टा बराच सावरला, पूर्ण नाही.

राहिला डेटाचा प्रश्न. मिसिंग प्लॉटची पद्धत ॲलन आणि विशार्टने १९३० मध्ये मांडली आणि १९३३ मध्ये येट्सने वाढवली ती खरोखर हरवलेल्या आकड्यासाठी, जिथे अपघात झाला आणि त्या अपघाताचा ट्रीटमेंटशी संबंध नाही. माझ्या प्लॉटमध्ये पीक उभं होतं, दाणे भरत होते, वजन मिळणार होतं. कमी आलं म्हणून ते हरवलं असं कसं म्हणायचं? शिवाय आठ ट्रीटमेंट आणि तीन रेप्लिकेशनला एररचे डिग्री ऑफ फ्रीडम, म्हणजे योगायोगाने पडणारा फरक मोजायला हाताशी उरणारी मोकळी माहिती, १४ येतात, तीन प्लॉट काढले की ११, आणि आमच्याकडे शिकवतात की किमान १२ हवेत. पण खरं सांगायचं तर १२ चा नियम नसता तरी मला ते पटलं नसतं.

सरांनी कोव्हेरियन्स सुचवला, म्हणजे प्रत्येक प्लॉटचा चुना मोजायचा आणि त्या हिशोबाने उत्पादन ॲडजस्ट करायचं, त्यात एकच डिग्री जाते. मी म्हटलं पिवळेपणाचे गुण दिलेलेच आहेत, तेच वापरू का? तर नाही, कारण पिवळेपणावर नत्राचाही परिणाम असू शकतो, आणि ज्या गोष्टीवर ट्रीटमेंटचा परिणाम होतो तिच्यावरून ॲडजस्ट केलं तर ट्रीटमेंटचाच परिणाम पुसला जातो. चुना मात्र मी पेरायच्या कितीतरी आधीपासून जमिनीत होता. हा फरक मला पुस्तक वाचून कळला नसता बहुतेक.

संख्याशास्त्रज्ञ फिशर १९१९ मध्ये इंग्लंडातल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात गेला तेव्हा तिथे ब्रॉडबॉकची गव्हाची ट्रायल १८४३ पासून चालू होती, लांब लांब पट्ट्यांची, रँडमायझेशन, म्हणजे चिठ्ठ्या टाकून वाटणी, नसलेली. प्लॉटमधला फरक खताचा का जमिनीचा हे ठरवण्याच्या धडपडीतूनच रँडमायझेशन, ब्लॉक, कोव्हेरियन्स हे सगळं उभं राहिलं. चिठ्ठ्या टाकताना मला तो नुसता सोपस्कार वाटायचा, पण दोन १२० चे प्लॉट पट्ट्यात गेले तेसुद्धा चिठ्ठीनेच गेले होते, मी नेऊन ठेवले नव्हते, म्हणूनच नंतरच्या हिशोबाला काही अर्थ होता.

२४ही प्लॉटचे वेगवेगळे नमुने काढले तेव्हा खरी गंमत कळली. जे प्लॉट डोळ्यांना चांगले हिरवे दिसत होते त्यातल्या काहींतही थोडाथोडा चुना निघाला, ८० किलोच्याही. म्हणजे मी पिवळे दिसणारे तीन वगळले असते तर १२० किलोवरचा मार गेला असता आणि ८० वरचा तसाच राहिला असता, आणि १२० उगाचच जिंकलं असतं. नंतर नुसतं बघायचं म्हणून तेही करून बघितलं, तसंच आलं. कोव्हेरियन्स लावून ॲडजस्ट केल्यावर मात्र १२० आणि ८० मधला फरक क्रिटिकल डिफरन्सच्या, म्हणजे खरा मानायला लागणाऱ्या किमान फरकाच्या, आत राहिला, आणि शिफारस ८० किलोची लिहिली. चुन्याचा तक्ता थिसिसमध्ये प्लॉटवार दिलाय, पट्ट्याच्या नकाशासकट.