वेचणी, तालुका समुद्रपूर

माझ्या आधार कार्डावर 'तालुका समुद्रपूर' असं आहे. ते वाचून पुण्यातल्या एका लॉजवाल्याने मला मोठ्या कौतुकाने विचारलं होतं, "मग बीच अगदी जवळच असेल!" मी हो म्हणालो. रात्रभर बसमध्ये जागलेल्या माणसात भूगोल शिकवायचा दम नसतो.

समुद्रपूर वर्धा जिल्ह्यात आहे. इथून कोणत्याही दिशेला निघा, पाचशे किलोमीटरच्या आत खारं पाणी लागत नाही. त्यातही अरबी समुद्रापेक्षा बंगालचा उपसागर आम्हाला जवळ. आमच्या वणा नदीचं पाणी वर्धेत, वर्धेचं प्राणहितेत, तिथून गोदावरीत आणि मग पूर्वेच्या समुद्रात जातं. तरीही आमच्याकडचा माणूस समुद्र पाहायला निघाला की पाण्याच्या उलट दिशेने, पश्चिमेलाच जातो. आम्हीही तसेच गेलो. पण आम्ही समुद्र पाहायला गेलो नव्हतो. आमची शिंप फुटली होती म्हणून गेलो होतो.

शिंप म्हणजे कैरी सोलायची. नदीतली काळपट, हाताच्या पंजाएवढी शिंपली घ्यायची, तिचा फुगीर भाग खरबरीत दगडावर पाणी टाकून घासत बसायचं. घासता घासता पाठीला आधी पांढरा डाग दिसतो, मग तो डाग पातळ होत होत एकदम आरपार जातो. पडलेल्या भोकाची कड पात्यासारखी असते. कैरीवर फिरवली की साल लांबच लांब निघते आणि बोट कापत नाही. आमच्या मायकडे तिच्या सासूची शिंप होती. आतून मोरपंखी, कडेने झिजून निम्मी झालेली. मागच्या उन्हाळ्यात ती माझ्या हातून फरशीवर पडली. मायने तुकडे पाहिले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "राहू दे. म्हातारी झालती ते." हे शिंपीबद्दल होतं की आजीबद्दल, ते मी विचारलं नाही.

बाजारातून स्टीलचं सालकाढणं आणलं. ते मायने दोन कैऱ्यांनंतर चुलीमागे टाकलं. वणेवर गेलो तर जिथे लहानपणी गुडघाभर पाण्यात पायाला शिंपल्या टोचायच्या, तिथे आता वाळूच उरलेली नाही. शिंपलीला रुतून बसायला वाळू लागते. ती उपसून घरांच्या स्लॅबमध्ये गेली. आमच्याही घराच्या गेली, खोटं कशाला बोला.

तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भावजी, आमच्या पुळणीवर चला. पोतंभर देते." वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. माहेर दापोली तालुक्यातलं, शिक्षिकेच्या नोकरीने विदर्भात आल्या आणि इथल्याच झाल्या. फक्त चहाला अजून 'चाय' म्हणत नाहीत.

मला वाटलं होतं, समुद्र म्हटला की शिंपले असणारच, शेत म्हटलं की ढेकळं असतात तसे. वहिनींनी माझी शाळाच घेतली. ज्या किनाऱ्यावर लाटा उंच फुटतात आणि वाळू उतरती असते, तिथे शिंपल्यांचा चुरा होतो. जिथे लोक गाड्या फिरवतात, तिथे उरलेल्यांचा होतो. उतार मंद हवा, जवळ खाडीचं तोंड हवं, कडेला खडक असले तर आणखी बरं, कारण खडकाच्या आडोशाला पाणी थबकतं आणि हातातलं खाली ठेवतं. म्हणून फोटोतला सुंदर किनारा आणि शिंपल्यांचा किनारा हे सहसा एक नसतात. त्यांच्या मते आंजर्ल्याला, जिथे जोग नदीची खाडी समुद्राला मिळते तिकडे जावं. आणि जावं कधी, तर पौर्णिमा किंवा अमावास्या उलटल्यावर. अष्टमीला अजिबात नको. अष्टमीला भांगाची भरती, पाणी फार आत जात नाही. उधाणाच्या दिवसांत ते चढतंही खूप आणि ओसरतंही खूप, तेव्हा एरवी बुडालेली वाळू उघडी पडते.

मग त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मला एक हिशेब दाखवला. त्याने मी गार झालो. तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ. द्वितीया असेल तर दोनाचे पाऊणपट दीड, म्हणजे भरती दीडला. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी, म्हणजे साडेसातला. तिथीचा आकडा पंधरवड्यागणिक पुन्हा एकपासून. थोडं मागेपुढे होतं, पण कोळ्यांचं काम भागतं. ज्या कॅलेंडरवर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या चतुर्थी, एकादशी आणि दुधाचा हिशेब पाहत आलो, त्याच चौकोनात समुद्राचं टाइमटेबल छापलेलं असतं, हे मला पन्नाशीत कळलं.

कापसाची दुसरी वेचणी उरकली आणि पौष पौर्णिमेनंतरची द्वितीया गाठून आम्ही गेलो. सकाळी साडेसात. पाणी इतकं लांब गेलं होतं की मायने विचारलं, "आटला काय?"

मी आपला इथे एक, तिथे एक उचलत होतो. बटणाएवढे गुळगुळीत शंख, हजारोंनी, पण एकाची नक्षी दुसऱ्यासारखी नाही. सुईसारखे उंच पेचाचे. काचेसारख्या पातळ, चपट्या शिंपा, ज्या पूर्वी गोव्याकडे खिडक्यांना काचेऐवजी लावत. एक सुरेख भोवऱ्यासारखा शंख मी उचलला आणि तो माझ्या तळव्यावर चालायला लागला. आत खेकडा होता, भाडेकरू. मी ठेवून दिला. वहिनींचा नियमच होता, की आत कोणी राहत असेल तर ते घर आपलं नाही.

पाहतो तर माय कुठे? तिने पदर खोचून कमरेला ओटी बांधली होती आणि भरतीने जिथे काडीकचरा आणून टाकलेला असतो ती काळपट रेघ धरून ती चालली होती. कापसाचं तास धरून बाई चालते, तशी. दोन्ही हात चालू, नजर दोन पावलं पुढे, मागे वळणं नाही. डाव्या हाताचं उजव्याला ठाऊक. फुटका, भोकाचा, रंग उडालेला शंख तिच्या हाताला लागतच नव्हता, कापसातलं कवडीचं, म्हणजे खराब झालेलं बोंड टाळावं तसा. मी तासभरात खिसा भरला. तिची ओटी गुडघ्यापर्यंत लोंबत होती. एक कोळीण टोपली डोक्यावर घेऊन चालली होती, ती थांबून पाहत राहिली. वहिनींना म्हणाली, "सासूबाई रोजच्या दिसतात." वहिनींनी चुलतसासू आहेत एवढंच सांगितलं.

कापूस वेचतात, शिंपलेही वेचतात. क्रियापद एकच आहे, हे मला तिथे उभं राहीपर्यंत सुचलं नव्हतं.

मायला खरं तर कवडी हवी होती, पोळ्याला बैलाच्या गळ्यात बांधायला. दुकानातली नको, समुद्रातली. ती मात्र एकही मिळाली नाही. कवड्या खडकांच्या फटींत राहतात, वाळूवर क्वचित येतात. किनाऱ्यावरच्या टपरीवर ढीग होता, पण तसल्या टपऱ्यांवरचा बराचसा माल दूरच्या किनाऱ्यांहून येतो. काही मोठे शंख तर विकायलाच बंदी आहे, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत ते २००१ साली घातले गेले. मायने भाव ऐकला आणि म्हणाली, "कवडीले एवढे पैसे? अन् आमचा कापूस कवडीमोल?" टपरीवाल्याकडे याला उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

वहिनी जरा चढेल सुरात म्हणाल्या, "तुमच्याकडे कुठले शंख, भावजी!" मग मीही सोडलं नाही. म्हटलं, नागपूरजवळच्या टाकळीला स्टीफन हिस्लॉप नावाच्या पाद्र्याने काळ्या दगडाच्या दोन थरांमधून शंख काढले होते, १८५० च्या आसपास. ज्वालामुखीचा एक लाव्हा थंड झाला, त्यावर तळी साचली, तळ्यांत गोगलगायी नांदल्या आणि दुसरा लाव्हा त्यांच्यावर आला. साडेसहा कोटी वर्षांमागची गोष्ट. तुमच्या पुळणीवरचे सकाळचे, आमचे जरा जुने. पुढे १८६३ मध्ये हाच हिस्लॉप टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परत येताना पुराच्या पाण्यात बुडाला. वहिनी म्हणाल्या, "समुद्र नसलेल्या गावात?" आणि गप्प झाल्या. जिंकलो, पण चव गेली.

परतीच्या प्रवासाबद्दल थोडक्यात सांगतो. मायच्या ओटीत एक बंद तिसरी, म्हणजे खायची शिंपली, राहून गेली होती, आतल्या मालकासकट. कल्याण सोडेपर्यंत डब्यातले लोक एकमेकांकडे संशयाने पाहत होते. भुसावळला समोरच्या काकांनी डबा उघडला आणि पुन्हा बंद केला. बडनेऱ्याला मला शोध लागला. मी काही बोललो नाही, उठून दाराशी उभा राहिलो, पिशवीसकट, थेट वर्ध्यापर्यंत.

आता चैत्र आहे. झाडाला कैऱ्या लागल्यात. घरात परातभर शिंपले आहेत, उकळून, धुऊन, खोबरेलाचं बोट लावून ठेवलेले, शेजारची पोट्टी येऊन कानाला लावून जातात. त्यातली सगळ्यात मोठी शिंप मायने मोटरीच्या हौदाजवळच्या दगडावर घासायला घेतली आहे. समुद्राची शिंप जाड, चिनी मातीच्या बशीसारखी. नदीतली एका दुपारीत व्हायची. हिला आज चौथा दिवस. पांढरा डाग रुपयाएवढा झालाय, पण भोक नाही.

"होते काय वं?" मी विचारलं.

"पाणी टाक," माय म्हणाली.